सायकलशर्यत आणि फळाचा अधिकार

कर्माचा सिद्धान्त आपल्या दर्शनकारांनी ज्या दोन दोषांपासून डोळ्यांत तेल घालून जपला, त्यांपैकी एकाला 'कृतनाश' आणि दुसऱ्याला 'अकृताभ्यागम' म्हणतात. केलेले कर्म फळ न देताच नाहीसे व्हावे हा पहिला दोष, आणि जे आपण केलेच नाही त्याचे फळ अनायासे पदरी पडावे हा दुसरा. एखाद्या मतातून यांपैकी एक जरी दोष निघत असेल, तर ते मत टाकून द्यावे, असा निवाडा एरवी एकमेकांशी हाडवैर असल्यासारखे भांडणाऱ्या संप्रदायांनीही मान्य केला आहे. कारण हे दोन दोष एकदा मान्य झाले की पुण्य करणाऱ्याला आधार उरत नाही आणि पाप करणाऱ्याला धाक उरत नाही. हा विचार मी पोथीत वाचला तेव्हा तो मला पटला होता. परंतु हौशी सायकलपटूंच्या शर्यतींत भाग घेऊ लागल्यावर माझ्या ध्यानात आले की, ज्या दोन गोष्टी विश्वाच्या व्यवस्थेत अशक्य म्हणून शास्त्रकारांनी ठरविल्या, त्या पनवेल ते खोपोली या सपाट रस्त्यावर भरदिवसा, शेकडो माणसांच्या देखत आणि नियमांना कोठेही धक्का न लावता घडतात. तेथे एकाने केलेले श्रम त्याचे राहत नाहीत, आणि दुसऱ्याला न केलेल्या श्रमांचे फळ मिळते. मग ही शर्यत अन्यायाची म्हणावी, की फळ कोणाचे याविषयीची आपली समजूतच अपुरी म्हणावी, हा प्रश्न मला दीर्घकाळ छळीत आला आहे.

ज्यांनी मुंबई-पुणे शर्यत रस्त्याच्या कडेला उभे राहूनच पाहिली असेल, त्यांच्यासाठी हा मामला थोडा उलगडून सांगितला पाहिजे. सपाट रस्त्यावर ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचे तीनचतुर्थांशाहून अधिक श्रम केवळ समोरची हवा बाजूला सारण्यात खर्ची पडतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी तीसवरून चाळीसवर जाऊ पाहणाऱ्याला वारा कापण्यासाठी पूर्वीच्या दुपटीहून अधिक जोर लावावा लागतो. परंतु जो दुसऱ्याच्या पाठीमागे, अगदी निकट राहून जातो, त्याच्यासाठी हवा पुढच्याने आधीच फोडून ठेवलेली असते, आणि त्याचे श्रम तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाचतात. मोठ्या समूहाच्या मध्यभागी तर ही बचत याहून कितीतरी मोठी असते. थोडक्यात, वारा हे येथले सामायिक देणे असून ते कोणी तरी एकाने, सर्वांत पुढे राहून, चुकते करावे लागते.

हे निकट राहणे म्हणजे काय, हे अनुभवाखेरीज कळत नाही. पुढच्याचे मागचे चाक आणि आपले पुढचे चाक यांत वीतभर अंतर असते. नजर त्या चाकावर खिळवायची नसते, ती पुढच्याच्या कमरेवर किंवा खांद्यावर ठेवायची असते, कारण त्याने काय करायचे ठरविले आहे ते चाकाच्या आधी शरीर सांगते. आणि कान त्याच्या फ्रीव्हीलकडे असतात, कारण तिची टिकटिक सुरू झाली की त्याने पाय थांबविले, आता वेग ओसरणार, हे क्षणभर आधी समजते. चाकाला चाक घासले तर पडतो तो मागचा. पुढच्याला बहुधा धक्काही जाणवत नाही. जो आघाडीवर असतो तो आपल्या वाट्याचे श्रम झाले की कोपर किंचित हलवितो, बाजूला सरतो, आणि रांग त्याच्या अंगावरून पुढे जाऊ देतो. दुसरा क्षणात पहिला होतो. बाजूला झालेला हळूहळू शेपटाशी येतो आणि तेथे थकल्या पायांनी पुन्हा एकदा नेट लावून शेवटच्या चाकाचा आडोसा धरतो. ते चाक त्या क्षणी निसटले तर मग ते त्याला पुन्हा बहुधा गाठता येत नाही. अशी ही रांग स्वतःभोवती फिरत राहते, आणि जोवर ती फिरते तोवर तिच्यातील प्रत्येकजण एकट्याने कधीच गाठू शकला नसता अशा वेगाने पुण्याकडे जात असतो.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे जे वर्णन आहे, ते मला याच रांगेत राहून समजले, असे मी कोणताही संकोच न बाळगता म्हणेन. देवांनी मनुष्यांना पोसावे, मनुष्यांनी देवांना पोसावे, अन्न पर्जन्यापासून व्हावे आणि पर्जन्य यज्ञापासून, हे जे परस्परांच्या देण्याघेण्यावर चाललेले चक्र तेथे सांगितले आहे, त्यातून घेऊन परत काहीच न देणाऱ्याला भगवंतांनी सरळ चोर म्हटले आहे, आणि चालू असलेले चक्र जो पुढे फिरवीत नाही त्याचे जगणे व्यर्थ ठरविले आहे. ज्ञानेश्वरांनी याच स्थळी स्वधर्म हाच नित्ययज्ञ होय असा खुलासा करून यज्ञाला वेदीच्या चौकटीतून बाहेर काढले, आणि टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्याच धाग्याने लोकसंग्रहापर्यंत मजल मारली. एवढ्या थोर परंपरेच्या सावलीत सायकलशर्यतीसारखा विषय आणणे कोणाला औचित्याला सोडून वाटेल. मला तसे वाटत नाही. जो यज्ञ सर्व जीवितात चालू आहे तो या एका ठिकाणी मोजता येतो, एवढाच या शर्यतीचा विशेष आहे.

आणि मोजू गेल्यास एक गोष्ट अशी आढळते की जिने मला विलक्षण समाधान दिले. आघाडीवरचा मनुष्य केवळ देतो आणि मागचे केवळ घेतात, हे तितकेसे खरे नाही. वेगाने जाणाऱ्या शरीराच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तो त्याला मागे ओढीत असतो. पाठीशी दुसरा सायकलस्वार आला की ही ओढ थोडी कमी होते. पुढच्याला होणारा हा लाभ अगदी अल्प आहे, शेकड्याला दोन-तीन इतकाच, आणि त्या श्रमांच्या भरात तो कोणाला जाणवणेही शक्य नाही. परंतु तो आहे. घेणाऱ्याच्या नुसत्या असण्याने देणाऱ्याचे ओझे कणभर हलके होते.

तरीही मूळ प्रश्न सुटत नाही, कारण रांग शेवटपर्यंत फिरत नाही. कधी ना कधी ती मोडते, आणि शेवटच्या काहीशे मीटरांत जो पुढे निघतो त्याचे नाव पहिले लागते. त्याने वाटेत किती वारा कापला याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. व्यावसायिक शर्यतींनी या पेचातून मार्ग काढला आहे, आणि तो मार्ग आपल्या श्रौतधर्माशी आश्चर्य वाटावे इतका जुळतो. मीमांसकांचे म्हणणे असे की, यज्ञातील कृत्ये ऋत्विज करीत असले तरी फळ यजमानाचे. कारण संकल्प त्याचा, द्रव्य त्याचे, आणि ऋत्विजांचे श्रम त्याने दक्षिणा देऊन आपलेसे केलेले असतात. फ्रान्सच्या महाशर्यतीत नेमके हेच चालते. १९०३ साली ती सुरू करणारे आंरी देग्रांज हे मुळात याच्या विरुद्ध होते. प्रत्येकाने आपल्याच बळावर धावावे असा त्यांचा आग्रह असे, आणि १९११ साली मोरीस ब्रोको याने दुसऱ्यासाठी श्रम केले तेव्हा त्यांनी त्याला तिरस्काराने घरगडी म्हटले. पुढे ते दूषणच त्या व्यवसायाचे रीतसर नाव होऊन बसले. १९३४ साली वीस वर्षांच्या रने व्हिएत्तोने आपले चाक काढून संघनायक आंतोनँ मान्य याला दिले, आणि दुसऱ्या दिवशी पिरेनीज पर्वतात, स्वतः पुढे असताना, चढ उलटा चढून मागे जाऊन पुन्हा आपली सायकल त्याच्या हवाली केली. मान्य ती शर्यत जिंकला, व्हिएत्तो पाचवा आला, आणि पुढे आयुष्यात ती शर्यत त्याला कधीच जिंकता आली नाही. दगडी कठड्यावर बसून मदतीची वाट पाहणाऱ्या त्या पोराचे छायाचित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना फळाचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. परंतु विचाराच्या दृष्टीने तेथे अन्याय झाला असे म्हणता येत नाही. विजेत्याने बक्षिसाची रक्कम साथीदारांत वाटून टाकावी असा त्या व्यवसायाचा रिवाज आहे. ती दक्षिणा होय, आणि ती दिली की हिशेब बेबाक होतो.

हौशी शर्यतीत मात्र हा निर्वाह चालत नाही. तेथे कोणी कोणाचा चाकर नाही. गिरणीत रात्रपाळी करणारा, पहाटे दूध घालणारा, कचेरीतला कारकून, महाविद्यालयातला विद्यार्थी असे सर्वजण स्वतःच्या सायकली, स्वतःच्या ट्यूबा आणि स्वतःची हौस घेऊन आलेले असतात. एकमेकांसाठी वारा कापण्याबद्दल कोणी कोणाला छदाम दिलेला नसतो. येथे प्रत्येकजण यजमान आहे आणि प्रत्येकजण ऋत्विजही आहे. मग फळ कोणाचे?

शास्त्रात अशाही यज्ञाची सोय आहे, आणि त्याचा विचार माझ्या मनात आला तेव्हा या प्रश्नाची दिशाच बदलली. बारा दिवस व त्याहून अधिक काळ चालणाऱ्या सोमयागांत 'सत्र' नावाचा एक प्रकार आहे. त्यात सतरापासून चोवीसपर्यंत माणसे एकत्र येतात. सगळ्यांनी दीक्षा घ्यायची, सगळ्यांनी ऋत्विजांची कामे आपसांत वाटून करायची, आणि दक्षिणा कोणी कोणाला द्यायची नाही, कारण भाड्याने बोलाविलेला असा तेथे कोणीच नसतो. त्यांच्यातील एकजण गृहपती होतो आणि यजमानाने करावयाची कृत्ये सर्वांच्या वतीने पार पाडतो. आता या सत्राचे फळ कसे वाटायचे, असा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांत उपस्थित केलेला आहे, आणि त्याचा निकाल मोठा मनोज्ञ आहे. फळाचे सतरा किंवा चोवीस भाग करावयाचे नाहीत. प्रत्येकाला संपूर्ण फळ मिळते. जमीन वाटली की प्रत्येकाचा हिस्सा लहान होतो, तसे येथे होत नाही. गृहपतीलाही इतरांहून तसूभर अधिक मिळत नाही.

माझे म्हणणे असे आहे की हौशी सायकलशर्यत हे सत्र आहे, आणि अंतिम रेषेवर हात उंचावणारा विजेता हा त्या सत्राचा गृहपती आहे. जिंकण्याची क्रिया कोणी तरी एकानेच करावी लागते, कारण रेषा एकेकानेच ओलांडावयाची असते. तो ती करतो. ढाल त्याला मिळते, वृत्तपत्रात नाव त्याचे येते, आणि ते सर्व यथायोग्य आहे, कारण शेवटच्या पल्ल्यात त्याच्या पायांत सर्वांहून अधिक बळ उरले होते ही वस्तुस्थिती आहे. परंतु दीडशेच्या आसपास किलोमीटरांचे ते अंतर त्या वेगाने तोडले गेले हे जे मूळ फळ, ज्याच्यासाठी माणूस महिनोन्‌महिने पहाटे उठून सराव करतो, ते त्या रांगेत आपला वाटा उचलणाऱ्या प्रत्येकाचे आहे, आणि ते संपूर्णपणे त्याचे आहे. कृतनाशाचा दोष येथे लागत नाही, कारण मी कापलेला वारा माझ्याच गतीत जमा झालेला असतो; अकृताभ्यागमाचाही लागत नाही, कारण दुसऱ्याच्या श्रमाचे जे मला मिळाले त्याचा मी रांगेच्या पुढच्या फेऱ्यात भरणा केलेला असतो. हे दोन दोष एकेकट्या कर्त्याचा विचार केला तरच उत्पन्न होतात. कर्ता समूह आहे असे मानले की दोन्ही मावळतात.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. सत्रातल्या सर्वांचा संकल्प एक असतो, शर्यतीत तर प्रत्येकाला दुसऱ्याला हरवायचे असते. मग हे सत्र कसे? याला माझे उत्तर असे की, हरविण्याची इच्छा ही शर्यतीच्या आतली गोष्ट आहे, आणि शर्यत धावण्याचा संकल्प तिच्याही आधीचा आहे. प्रतिस्पर्धी नसता तर मी हरविणार कोणाला, आणि तो मंदगतीने धावला असता तर माझ्या जिंकण्याला अर्थ तरी काय राहिला असता? तो आपल्या पूर्ण शक्तीनिशी धावावा ही माझीच गरज आहे. एकमेकांना हरवू पाहणारी माणसे समोरचा वारा आळीपाळीने अंगावर घेतात, यात ढोंग नाही. दोन्ही इच्छा एकाच वेळी खऱ्या असतात. घाट जवळ आला म्हणून सहसा कोणी आपला फेरा चुकवीत नाही, आणि घाट सुरू झाला म्हणून कोणी कोणाला सवलत देत नाही.

घाटाचे नाव निघाले आहे तर त्याविषयीही बोलले पाहिजे, कारण तेथे सर्व न्याय बदलतो. खोपोली सोडली की बोरघाट सुमारे पाचशे मीटर वर चढवितो, आणि या चढावर वेग इतका मंदावतो की वाऱ्याचा आडोसा जवळजवळ निरुपयोगी होतो. आता झगडा स्वतःच्या देहाच्या वजनाशी असतो आणि ते वजन दुसऱ्या कोणाला वाहता येत नाही. रांग पहिल्या वळणावरच विरघळते. या चढावर जो पहिला वर पोहोचेल त्याला 'घाटाचा राजा' म्हणून निराळे बक्षीस देण्याचा प्रघात आहे, आणि ज्यांनी तो घाट सायकलीने चढला आहे त्यांना त्या किताबात अतिशयोक्ती दिसत नाही. कर्म ज्याचे त्याने भोगावे हा सिद्धान्त बोरघाटात अक्षरशः खरा आहे. परंतु तो तेथेही संपूर्ण खरा नाही. जुन्या रस्त्याच्या कडेला शिंग्रोबाचे देऊळ लागते. शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने या डोंगरातली वाट इंग्रजांच्या इंजिनीअरांना दाखविली, बक्षीस काय हवे असे विचारल्यावर देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि प्राण गमावले, अशी कथा त्या भागात सांगतात. चाकांच्या गाड्यांना चालेल असा रस्ता या घाटात १८३० साली गव्हर्नर माल्कम यांनी खुला केला हे तर इतिहासात नमूदच आहे. ज्या चढावर आपण सर्वस्वी एकटे आहोत असे शर्यतपटूला वाटते, ती वाटही कोणी तरी आधी शोधून ठेवलेली आहे. मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि मनुष्यांचा ऋणी असतो असे शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे. यांतल्या चौथ्या ऋणाची आठवण आपण फार थोडी ठेवली आहे. शिवाय श्रौतसत्राची दारे ब्राह्मणांखेरीज कोणाला उघडी नव्हती, हे येथे स्वच्छ सांगितले पाहिजे. माझ्या मते ज्या सत्रात त्या धनगराला बसता येते तेच खऱ्या अर्थाने सत्र, आणि या रस्त्यावरचे सत्र तसे आहे.

जो दुसऱ्याच्या चाकाला चिकटून येतो, आपला फेरा आला की सरकून मागे राहतो आणि अखेरीस ताज्या पायांनी पुढे निघून जिंकतो, त्याच्याविषयी काय म्हणावे? नियमाने तो दोषी नाही, आणि त्याच्यावर फिर्याद चालविण्याचे कोणाला कारण नाही. ढाल त्याची आहे. परंतु सत्रात ज्याने ऋत्विजाचे काम केले नाही तो यजमानही होत नाही. ढालीपलीकडचे जे फळ मी वर सांगितले त्यात त्याला प्रवेश नाही. हे मी रागाने म्हणत नाही. ज्याला पुढे येण्याचे बळच नाही त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि या दोघांना एका तागडीत घालणारे लोक मला फार निष्ठुर वाटतात.

फेरा चुकविणाऱ्याच्या अगदी उलट असा एक तरुण मी पाहिला आहे. पनवेल सोडल्यावर समोरून वारा सुटला होता, रांगेतले जुने लोक आपले पाय राखून होते, आणि हा नवखा पोरगा एकामागून एक आपले फेरे पुरे करून वर दुसऱ्यांचेही करीत होता. चौक गाव मागे पडले तेव्हा त्याच्या पाठीवरचा सदरा घामाने चिकटून काळा झाला होता आणि मान खाली गेली होती, पण कोपर हलवून बाजूला होताना तो दर वेळी मागच्याकडे वळून पाहत होता, रांग तुटली तर नाही ना म्हणून. खोपोलीला चढ लागला आणि तो जागच्या जागी राहिल्यासारखा मागे पडला. शर्यतीच्या निकालात त्याचे नाव कोठेच नव्हते, कारण ठरलेल्या वेळेच्या आत तो पोहोचला नाही. त्याच्या श्रमांचे काय झाले, हा प्रश्न मला विजेत्याच्या प्रश्नाहून मोठा वाटतो.

मीमांसकांनी कर्मांचे जे वर्ग केले आहेत, त्यांत काम्य आणि नित्य हे दोन येतात. पाऊस पडावा म्हणून करावयाची कारीरी इष्टी ही काम्य. तिचे एखादे अंग राहिले तर फळ नाही, कारण ती त्या फळासाठीच आरंभिलेली असते. परंतु अग्निहोत्रासारखे जे नित्य कर्म, ते आयुष्यभर करावयाचे असते, आणि कोणाही मनुष्याचे बळ आयुष्यभर सारखे राहत नाही हे शास्त्रकारांना पुरते कळत होते; म्हणून तेथे त्यांनी यथाशक्ति केले तरी ते झाले असे ठरविले. अंग उणे पडले म्हणून नित्य कर्म निष्फळ होत नाही. पैशासाठी धावणाऱ्याची शर्यत काम्य आहे, आणि तिचा निकाल रेषेवरच लागला पाहिजे हे रास्त आहे. हौशी माणसाची शर्यत मात्र नित्य वर्गात मोडते असे मी मानतो. कारण तो बहुधा हरतो, पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवितो, आणि उरलेले वर्षभर कोणी पाहत नसताना पहाटेच्या अंधारात तेच करीत असतो. त्या तरुणाचे सत्र खोपोलीपर्यंतच चालले. जेवढे चालले तेवढे ते पुरे होते, आणि त्या दिवशी पुण्यात ज्याने हात उंचावले त्याच्याइतकाच तो सत्राच्या फळाचा धनी होता. संयोजकांना माझी विनंती एवढीच की निकालपत्रकात जे पोहोचले त्यांच्या खाली, जे निघाले त्यांचीही नावे छापावीत, आणि प्रत्येकाने शर्यत कोठे सोडली त्या गावाचे नाव पुढे लिहावे.